परतीचा आकडा: अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेत आत जाणाऱ्यांसाठी

माझ्या सरावात एक लबाडी असते. अग्निशमन दलाच्या जवानांना मी अंधाऱ्या खोलीत सोडतो. धुराचं यंत्र चालू असतं आणि कोपऱ्यात जखमी माणूस म्हणून एक पुतळा पडलेला असतो. प्रत्येकाच्या छातीवर डोसीमीटर असतो, म्हणजे अंगाला मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा छोटा मीटर. पुतळा हाताला लागणार एवढ्यात मी बाहेरून अलार्म वाजवतो आणि गंमत बघत बसतो. बहुतेक जण मीटरवर टिचकी मारतात. एक जण तर मास्कमधूनच ओरडला, "सर, याचा सेल गेलाय वाटतं!" आणि पुतळा खांद्यावर टाकून चालायला लागला.

मी त्याला हसलो नाही. २४ मार्च २०११ ला जपानमधल्या, त्सुनामीने कोलमडलेल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात तीन नंबरच्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत, तळघरात, तीन कामगार केबल टाकत होते. खाली पाणी साचलेलं होतं. त्यांचे डोसीमीटर वाजले, पण मीटर बिघडला असेल असं समजून ते कामाला लागले. दोघांच्या पायांत आखूड बूट होते, पाणी आत शिरलं. ते पाणी वितळलेल्या इंधनाशी संबंध आलेलं होतं. तिघांना १७० ते १८० मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेली मात्रा मोजायचं एकक) आसपास मात्रा मिळाली आणि बूट भिजलेल्या दोघांच्या पायांच्या कातडीची डॉक्टरांना वेगळी काळजी घ्यावी लागली. ही माणसं अडाणी नव्हती. आदल्या दिवशी त्या जागेवर फारसं काही नव्हतं, म्हणून आजही नसेल असं त्यांनी धरून चाललं.

तीस वर्षं मी किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम केलं. आता अग्निशमन, रुग्णवाहिका आणि केंद्रातल्या देखभालीच्या लोकांना शिकवतो. शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, पण पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट घोटून घेतो: परत कधी फिरायचं हे आत जाण्याआधी ठरवायचं. आत गेल्यावर ठरवता येत नाही. तिथे घाम असतो, अंधार असतो, कोणी तरी ओरडत असतं, आणि प्रत्येकाला वाटतं, आणखी दोनच मिनिटं.

निघण्याआधी चार प्रश्न

बोलावणं आलं की फोनवरच विचारा: ही किरणोत्सर्गाची घटना आहे का? वारा कुठल्या दिशेला आहे? शेवटचं मोजमाप किती, कुठे, किती वाजता घेतलं? आणि आत आम्हाला नेणारा, मीटर हातात घेतलेला माणूस कोण?

पहिला प्रश्न बावळटासारखा वाटतो ना? ३० सप्टेंबर १९९९ ला जपानमधल्या तोकाइमुरा इथे इंधनप्रक्रिया कारखान्यात युरेनियमच्या द्रावणात साखळी अभिक्रिया सुरू झाली. ते वीज केंद्र नव्हतं, पण धडा तोच. रुग्णवाहिकेतून गेलेल्या तीन जवानांना हा किरणोत्सर्गाचा अपघात आहे हे सांगितलंच नव्हतं. ते नेहमीचा रुग्ण उचलायला जावं तसे गेले आणि त्यांनाही मात्रा मिळाली. त्यामुळे समोरून माहिती येईल म्हणून थांबू नका, विचारून घ्या. कंट्रोल रूममधला माणूसही त्या वेळी गडबडलेला असतो, तो सांगायला विसरतो.

चौथा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. आग विझवणाऱ्याचं लक्ष आगीवर असतं, जखमी काढणाऱ्याचं जखमीवर. मीटरवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळाच हवा, आणि त्याच्या हातात दुसरं काहीही नको. पाइपचं टोकसुद्धा नको.

आकडे, आणि त्यातली फसगत

निसर्गातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची, कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. आणीबाणीत हे आकडे वाढवतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात लोकसंख्येला मिळणारी मोठी मात्रा टाळण्यासाठी १०० मिलिसिव्हर्ट, आणि जीव वाचवण्यासाठी किंवा महाभयंकर परिस्थिती रोखण्यासाठी ५०० पर्यंत. फुकुशिमात जपान सरकारने मर्यादा १०० वरून २५० वर नेली. तुमच्या देशाचा, तुमच्या दलाचा आकडा वेगळा असू शकतो. तो शांततेच्या काळात पाठ करून ठेवा.

मोठ्या मात्रेचं काम असेल तर माणूस स्वखुशीने गेला पाहिजे, आणि धोका काय हे समजून गेला पाहिजे. "कोण कोण येतंय?" असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की कोण नाही म्हणणार? म्हणून मी अधिकाऱ्यांना सांगतो, एकेकाला बाजूला घेऊन विचारा. गरोदर स्त्रियांना अशा कामाला पाठवू नये. आणि शक्य असेल तर वयस्कर माणसं पुढे घाला. हे निर्दयी वाटेल, पण किरणोत्सर्गातून होणारा कॅन्सर दिसायला अनेक वर्षं लागतात. फुकुशिमात एक नंबरच्या युनिटची वाफ मोकळी करायला हाताने व्हॉल्व्ह उघडायचे होते तेव्हा ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्याच जोड्या निवडल्या होत्या.

आता फसगत. पहिली एककाची. मायक्रोसिव्हर्ट आणि मिलिसिव्हर्टमध्ये हजार पटींचा फरक, आणि मीटरच्या छोट्या पडद्यावर तो एका अक्षराचा. वायरलेसवर नुसतं "चारशे" म्हणू नका. "चारशे मिलिसिव्हर्ट तासाला" असं पूर्ण म्हणा, आणि ऐकणाऱ्याने ते पूर्ण परत म्हणायचं. हा नियम मी सरावात इतका ताणतो की पोरं वैतागतात. वैतागू देत.

दुसरी फसगत मीटरच्या टोकाची. २६ एप्रिल १९८६ ला पहाटे चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. हाताशी असलेले मीटर तासाला ३.६ रॉन्टजेनपर्यंतच (किरणोत्सर्ग मोजायचं जुनं एकक) दाखवू शकत होते. काटा टोकाला जाऊन थांबला आणि वरिष्ठांना तोच आकडा कळवला गेला. प्रत्यक्षात भट्टीभोवती, छपरावर तासाला हजारो रॉन्टजेन होते. मीटर टोकाला टेकला म्हणजे "इतकं आहे" नव्हे, तर "निदान इतकं आहे, वर किती ते देव जाणे". गायगर नळीच्या काही जुन्या मीटरची खोड याहून वाईट: फार मोठ्या क्षेत्रात ते गुदमरतात आणि शून्याकडे उतरतात. दाराशी वाढत गेलेला आकडा आत पाऊल टाकल्यावर एकदम पडला, तर खूश होऊ नका. मागे या.

परतीचा आकडा कसा काढायचा

फळ्यावर मी हेच उदाहरण घेतो. समजा या फेरीसाठी तुम्हाला १०० मिलिसिव्हर्ट मंजूर आहेत. कामाच्या जागी तासाला ४०० आहेत. कोणीही पटकन म्हणतो, पंधरा मिनिटं मिळाली. नाही मिळाली. आत जायला तीन मिनिटं, वाटेवर तासाला १००, म्हणजे जाताना ५ आणि येताना ५. काम दहा मिनिटांचं धरलं तर साधारण ६७. निघताना अंगावर ७२ आणि बाहेर येईपर्यंत ७७ झाले. उरलेले २३ कशासाठी? येताना दार अडकलं, जोडीदाराचा पाय मुरगळला, दिवा गेला. तासाला ४०० च्या जागी तीन मिनिटं अडकलात तर २० गेलेच.

म्हणून परतीचा आकडा ७०. अलार्म सत्तरला लावा, शंभरला नको. शंभरला लावलेला अलार्म तुम्हाला मर्यादा ओलांडल्याची बातमी देतो, त्याचा उपयोग काय?

सत्तरबरोबर आणखी दोन आकडे हवेत. एक वेळेचा: दहा मिनिटं झाली की निघायचं, मीटर काहीही म्हणो, कारण मीटर खोटं बोलू शकतो. दुसरा दराचा: समोर अचानक किती दिसलं तर तिथूनच वळायचं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात प्रथम पोहोचणाऱ्यांसाठी तासाला १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे फक्त जीव वाचवण्याचं काम, तेही अर्ध्या तासाच्या आत. तासाला १००० च्या पुढे किरणोत्सर्ग तज्ज्ञाने स्वतः सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिन्हींपैकी जो आकडा आधी लागेल तो खरा.

आणि वेळ बघणारा बाहेर असतो. आतल्या माणसाला दहा मिनिटं चारच वाटतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

परत फिरणाऱ्याकडे आपल्याकडे पळपुटा म्हणून बघतात, म्हणून फुकुशिमातल्या त्या जोडीबद्दल मी नेहमी सांगतो. १२ मार्च २०११ ची सकाळ, एक नंबरच्या युनिटच्या अणुभट्टीभोवतीच्या कवचातला दाब धोक्याच्या वर गेलेला. वीज नाही, व्हॉल्व्ह हातानेच उघडायचे. पहिली जोडी आत गेली, एक व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे पाव उघडून परत आली. दुसरी जोडी दुसऱ्या व्हॉल्व्हकडे निघाली, पण तळाच्या, गोल कड्याच्या आकाराच्या पाण्याच्या टाकीजवळ मीटर तासाला १००० मिलिसिव्हर्टच्या घरात गेला. ते वळले. तिसऱ्या जोडीला पाठवलंच नाही. बाहेर सगळा देश त्या व्हॉल्व्हकडे डोळे लावून बसला होता, तरी ते वळले. पुढे बाहेरून कॉम्प्रेसर जोडून हवेच्या दाबाने तो उघडण्याचा मार्ग निघाला आणि दुपारी दाब उतरला. ती माणसं आत अडकली असती तर त्यांना काढायला आणखी चौघं गेली असती.

अंगात काय घालायचं, आणि त्याचा खरा उपयोग किती

गॅमा किरण कुठल्याही सुटाने अडत नाहीत. आधी हे डोक्यात पक्कं करा. पांढरा कव्हरऑल, दुहेरी हातमोजे, टेप, हे सगळं धूळ आणि पाणी अंगाला लागू नये म्हणून. एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन काही जण मागतात. त्यात शिसं असतं साधारण अर्धा मिलिमीटर. अशा दुर्घटनेत बाहेर पडणाऱ्या सीझियम-१३७ चे गॅमा निम्मे करायलाच साडेसहा मिलिमीटरच्या आसपास शिसं लागतं. तो एप्रन घालून तुम्ही फक्त हळू चालाल, म्हणजे जास्तच मात्रा घ्याल. आडोसा हवा असेल तर भिंत शोधा, पाण्याची टाकी शोधा, बंबाचं इंजिन मध्ये ठेवा. थांबायचंच असेल तर आडोशाला थांबा, दारात गप्पा मारत नको.

अंतराचा नियम सगळ्यांना येतो, दुप्पट लांब गेलं की चौथाई. पण तो एका छोट्या तुकड्यासाठी. जिथे जमीन, भिंती, छप्पर सगळंच माखलेलं आहे तिथे दोन पावलं मागे सरून काही होत नाही, मागेही तेच असतं. तुकडा दिसला तर मात्र हात लावायचा नाही. चेर्नोबिलच्या पहिल्या रात्री अंगणात, छपरावर काळे दगडासारखे ग्रॅफाइटचे तुकडे पडले होते, भट्टीच्या गाभ्यातले. ते काय आहेत हे बंबावरच्या जवानांना माहीत नव्हतं. अनोळखी वस्तू लाथेनेसुद्धा बाजूला करायची नाही, हा नियम मी त्यांच्यामुळे लावतो.

मास्कबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे लोक सगळ्यांत जास्त कमी पडतात. फुकुशिमात सहा जणांनी २५० ची आणीबाणीची मर्यादा ओलांडली. सर्वांत जास्त मात्रा ६७८ मिलिसिव्हर्ट, आणि त्यातले ५९० च्या आसपास शरीराच्या आत गेलेल्या किरणोत्सारी पदार्थांमुळे, मुख्यतः श्वासातून गेलेल्या आयोडीनमुळे. हा माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा नव्हता. तो नियंत्रण कक्षातला कर्मचारी होता. मास्क वेळेत न चढवणं, चष्म्याच्या दांड्यांमुळे राहिलेली फट, त्याच खोलीत खाणंपिणं, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी त्यामागे निघाल्या.

म्हणून: दाढी करून या, एका दिवसाची खुंटंसुद्धा रबराची कड उचलतात. चष्मा असेल तर मास्कच्या आत बसणारी काचेची फ्रेम आधीच बनवून घ्या, आणीबाणीत ती कोणी देणार नाही. कॅनिस्टर (मास्कला लावायचा फिल्टरचा डबा) धुळीचा आहे की कोळशाचा थरही आहे ते वाचा. नुसता धुळीचा फिल्टर वायुरूप आयोडीन अडवत नाही. बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा संच) असेल तर तोच उत्तम, पण त्यात हवा किती मिनिटांची आहे हेसुद्धा परतीच्या हिशेबात धरा. मास्क चढवल्यावर तळव्याने झाकून श्वास ओढा. तोंडाला चिकटला तर ठीक, नाहीतर पुन्हा. आणि आत असताना नाक खाजलं तर खाजू द्या.

आयोडीनची गोळी हा दुसरा गैरसमज. प्रौढाला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, आत जाण्याच्या थोडं आधी किंवा निदान दोन तासांच्या आत. आठ तासांपर्यंत काही उपयोग होतो, चोवीस तासांनी घेऊन तोटाच होऊ शकतो. ती फक्त थायरॉइड वाचवते, तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. सीझियमवर नाही, गॅमावर नाही. "गोळी घेतलीय, आता काय होतंय" म्हणणारा माणूस माझ्या तुकडीत असला तर मी त्याला त्या दिवशी बाहेर ठेवतो.

पाणी. चेर्नोबिलच्या जवानांचे कपडे पाण्याने आणि किरणोत्सारी धुळीने ओले होऊन अंगाला चिकटले होते. त्या ओल्या कापडातून बीटा किरणांनी कातडी भाजली, आणि पुढच्या आठवड्यांतल्या बऱ्याच मृत्यूंमध्ये या भाजण्याचा मोठा वाटा होता. त्या दुर्घटनेत १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग आजार झाल्याचं निश्चित झालं, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत गेले. छपरावर चढलेले लेफ्टनंट प्रावीक आणि किबेनोक दोघेही ११ मे ला गेले. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, वरून पाणी न झिरपणारा सूट, आणि भिजलात तर लगेच बाहेर. "थोडंसंच भिजलंय" हे कारण नाही.

किरणोत्सर्ग सोडून बाकी सगळं

लोक मीटरकडे बघत राहतात आणि जिन्यावरून पडतात. खरंच. अशा केंद्रात वीज गेलेली असते, जाळ्या उघड्या असतात, भूकंपानंतर आणखी धक्के येत असतात, आणि मास्कमुळे पायाखालचं दिसत नाही. मास्कमधून बोललेलं कळत नाही, म्हणून हातांच्या खुणा ठरवून घ्या. माझ्याकडे परतीची खूण म्हणजे जोडीदाराच्या खांद्यावर दोन थापा. तिसरी थाप द्यायची वेळ येऊ नये.

हायड्रोजनचा प्रश्न वेगळा. इंधनाच्या नळ्यांचं झिर्कोनियम फार तापलं की वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो आणि इमारतीच्या माथ्याशी साचतो. १४ मार्च २०११ ला तीन नंबरच्या युनिटचा स्फोट झाला तेव्हा अकरा जण जखमी झाले. त्यात पाणी पुरवायला नुकतेच पोहोचलेले लष्करी जवानही होते. इमारतीजवळ जाण्याआधी विचारा, हायड्रोजन साचला असण्याची शक्यता आहे का? "नाही" असं ठाम उत्तर मिळालं नाही तर भिंतीलगत गाडी लावू नका, आणि गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा.

उष्णतेने तर किरणोत्सर्गापेक्षा जास्त माणसं आडवी होतात. बंद सूट, दुहेरी हातमोजे, रबरी मास्क, आणि पाणी पिता येत नाही. फुकुशिमात त्या उन्हाळ्यात उष्माघाताच्या पुष्कळ केसेस झाल्या. आत जाण्याआधी भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊन या, आणि उन्हाच्या दिवसांत काम पहाटेवर ढकला. मळमळ सुरू झाली तर ती उष्णतेची का किरणोत्सर्गाची हे तुम्ही ठरवू नका. बाहेर या आणि किती वाजता उलटी झाली ते कुणाला तरी लिहायला सांगा. डॉक्टरला ही वेळ सोन्यासारखी लागते. मात्रा मिळाल्यापासून तास-दोन तासांत उलटी सुरू झाली तर मात्रा २ ते ४ ग्रेच्या (शरीरात शोषलेली मात्रा मोजायचं एकक; गॅमासाठी एक ग्रे म्हणजे साधारण हजार मिलिसिव्हर्ट) आसपास असू शकते, आणि दहा मिनिटांत झाली तर ८ च्या वर. मग बरं वाटायला लागतं, दिवसचे दिवस. या मधल्या बऱ्या वाटण्यावर विश्वास ठेवून कामावर परत जायचं नाही. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी किती वेगाने कमी होतायत ते तपासल्याशिवाय तर नाहीच.

पाळ्या लावणाऱ्या साहेबांसाठी

१९८६ च्या सप्टेंबरमध्ये चेर्नोबिलचं छप्पर साफ करायला आणलेली यंत्रं बंद पडली आणि तीन हजारांहून अधिक सैनिकांना फावडी घेऊन वर पाठवलं गेलं. अंगावर शिशाचे पत्रे बांधलेले. धावत जायचं, एक-दोन फावडी ग्रॅफाइट खाली ढकलायचं, धावत परत. कुणाला चाळीस सेकंद, कुणाला दोन-तीन मिनिटं. माणसांना यंत्रासारखं वापरलं, हे त्यातलं वाईट. पण पाळीची शिस्त त्यातून शिकण्यासारखी आहे: प्रत्येकाला एकच, नेमकं काम, आणि ते झालं नाही तरी वेळ संपली की परत. "जा आणि बघून या" अशी आज्ञा देऊ नका. काय उघडायचं, कुठल्या हाताला, किती फिरवायचं, हे बाहेरच तसल्याच व्हॉल्व्हवर करून दाखवा. बाहेर पाच मिनिटं सराव केला की आत एक मिनिट वाचतं.

आणि मीटर पुरेसे आणा. फुकुशिमात त्सुनामीने बहुतेक डोसीमीटर निकामी केले आणि मार्चअखेरपर्यंत बऱ्याच गटांत एकाच्याच छातीवर मीटर होता. मग त्या गटातला जो चार पावलं पुढे गेला त्याचा हिशेब कुठून काढणार?

एक गोष्ट बोलायला अवघड आहे. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या एका उपकंत्राटदाराने कामगारांना डोसीमीटरवर शिशाचं झाकण लावायला सांगितलं होतं, ते पुढल्या वर्षी बाहेर आलं. कारण सोपं: मर्यादा संपली की माणूस कामावरून जातो. माझ्या नोकरीच्या काळातही बॅज लॉकरमध्ये "विसरून" गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ओरडून काही होत नाही. मात्रा संपलेल्या माणसाला बाहेरचं काम आणि तोच पगार मिळेल हे आधी लिहून द्या, मग बघा मीटर कसे छातीवर राहतात.

बाहेर आल्यावर

कपडे गडबडीने ओढून काढू नका. टेप सोडा, सूट आतून बाहेर उलटत गुंडाळत खाली न्या, बाहेरचे हातमोजे आधी, मास्क सगळ्यांत शेवटी, आणि तो काढताना श्वास धरून. नुसते कपडे उतरवले की अंगावरचा ऐंशी-नव्वद टक्के किरणोत्सारी मळ जातो. मग कोमट पाणी आणि साबण. घासायचं नाही, कातडी सोलली तर तो आत जातो. मग मीटरने तपासणी: केस, कानामागे, नखं, तळवे. अजून दिसतंय? पुन्हा धुवा.

जखमी माणूस असेल तर उलटा क्रम: आधी जीव, मग धुणं. माखलेल्या रुग्णाजवळ हातमोजे, मास्क घालून काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सना सहसा फार थोडी मात्रा मिळते. मीटर वाजतो म्हणून रक्त वाहणाऱ्याला दारात ताटकळत ठेवू नका.

थायरॉइडचं मोजमाप पहिल्या काही दिवसांतच मागून घ्या. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, महिन्यानंतर मोजून हाती फारसं लागत नाही. पोटात किती गेलंय ते संपूर्ण शरीरातला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे काउंटरवर, कळतं. स्वतःच्या वहीत लिहा: तारीख, जागा, वेळ, मीटरचा आकडा, मास्क कुठला. कार्यालयातली नोंद हरवू शकते. पुढची अनेक वर्षं रक्ताची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. मोतीबिंदूचा उंबरठा पूर्वी समजत होते त्याहून बराच खाली, अर्ध्या ग्रेच्या आसपास आहे, असं आता मानतात.

अफवांचंही ओझं असतं. चेर्नोबिलच्या तळघरात पाण्यात उतरून झडपा उघडणारे ते तिघे महिन्याभरात मेले, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. ते तिघेही वाचले. त्यातले एक २००५ मध्ये गेले, हृदयविकाराने. १०० मिलिसिव्हर्ट मिळालेला माणूस मरणाच्या दारात नसतो. आयुष्यभरातला कॅन्सरचा धोका त्याने अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढतो असा अंदाज धरतात. घरच्यांनाही हे आकड्यात सांगा.

दर तुकडीत एक जण शेवटी थांबून हळूच विचारतो, "सर, घरी गेल्यावर लेकराला जवळ घेतलं तर चालेल ना?" चालेल. बाहेरून किरण पडले म्हणून माणूस स्वतः किरण सोडायला लागत नाही. अंगावरचा मळ धुतला गेलाय आणि पोटात काही गेलेलं नाही हे मीटरने, काउंटरने पाहिलं की घ्या लेकराला.

फक्त आत नेलेल्या वस्तू घरी येतीलच असं नाही. फोन, पाकीट, अंगठी, सगळं बाहेर ठेवा, विशेषतः चामडं, ते धुतलं जात नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वडिलांचं घड्याळ मनगटावर ठेवून मी आत गेलो होतो. बाहेर मीटर पट्ट्यावर वाजला. तीनदा पुसलं, तीनदा वाजला. शेवटी पट्टा कापून कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि नुसती तबकडी हातात दिली. तेव्हापासून आत जाताना माझ्या मनगटावर काही नसतं. वेळ बाहेरचा माणूस सांगतो.